बर्था बेंझ आणि मोटारीची निगा

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात एक दाट झाडीचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याला ‘काळे अरण्य’ म्हणतात. या प्रदेशाच्या उत्तरेच्या टोकाशी फोर्झहाइम नावाचे शहर वसले आहे. सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी ते फार पूर्वीपासून नावाजलेले आहे. या शहरात ३ मे १८४९ रोजी बर्था रिंगर हिचा जन्म झाला. तिचे वडील मूळचे सुतार. पुढे घरे बांधून देण्याच्या व्यवसायात त्यांनी चांगला पैसा मिळविला होता.

त्या काळी तिकडेही मुलीचा जन्म ही विशेष आनंदाची गोष्ट मानली जात नसे. मुलींनी थोडेफार लिहावे-वाचावे, शिवणकाम शिकावे आणि पुढे संसार सांभाळावा, एवढीच समाजाची अपेक्षा असे. यंत्रांचे ज्ञान मुलींच्या उपयोगाचे नाही, अशी सर्वांची समजूत होती. बर्थाला मात्र एखादी वस्तू कशी चालते, ती का थांबते, हे जाणून घेण्याची हौस होती. तिच्या अशा प्रश्नांना वडील कौतुकाने उत्तरे देत असत, असे सांगतात.

१८६९ साली एका सहलीत तिची कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याशी ओळख झाली. कार्ल यांचे वडील रेल्वेचे इंजिन चालवीत असत. परंतु कार्ल अगदी लहान असतानाच ते वारले होते. आईने हालअपेष्टा सोसून मुलाला कार्ल्सरुहे येथील तंत्रविद्यालयात शिकविले. घोड्याशिवाय आपल्या आपण चालणारी गाडी बनवावी, हा एकच ध्यास या तरुणाने घेतला होता. हाताशी पैसा मात्र नव्हता.

कार्ल यांनी १८७१ साली मानहाइम या शहरात एका भागीदारासह यंत्रांचा लहानसा कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि कारखाना बुडण्याची वेळ आली. तेव्हा बर्थाने एक धाडसी निर्णय घेतला. लग्नात आपल्याला मिळावयाची रक्कम तिने वडिलांकडून आधीच मागून घेतली. त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेतला गेला आणि कारखाना वाचला. २० जुलै १८७२ रोजी दोघांचा विवाह झाला.

पुढील काही वर्षे फार कठीण गेली. धंद्यात तोटा आला, कर्ज वाढले. त्यात मुलांचा जन्म झाला आणि संसाराचा खर्च वाढला. अशा स्थितीत दुसऱ्या एखाद्या गृहिणीने नवऱ्याला हा नाद सोडून नोकरी धरण्यास सांगितले असते. बर्थाबाईंनी तसे केले नाही. घरकाम आटोपले की त्या कारखान्यात जात आणि यंत्रापाशी बसत. कोणता भाग कशासाठी आहे, तो कशाने झिजतो, कोणत्या आवाजाचा काय अर्थ आहे, हे त्या पाहून आणि ऐकून शिकल्या. कोणत्याही विद्यालयात त्या काळी त्यांना हे शिकता आले नसते.

१८७९ सालच्या अखेरच्या रात्रीची हकिकत प्रसिद्ध आहे. कार्ल यांनी बनविलेले नवे इंजिन काही केल्या नीट चालत नव्हते. रात्रीचे जेवण झाल्यावर बर्थाबाईंनी, आपण पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहू, असा आग्रह धरला. दोघेही कारखान्यात गेले. कार्ल यांनी चाक फिरविले आणि इंजिन एका लयीत चालू लागले. बराच वेळ दोघे शेजारी उभे राहून तो आवाज ऐकत होते. इतक्यात शहरातील देवळांच्या घंटांनी नव्या वर्षाचे स्वागत केले.

त्यानंतर दिवस हळूहळू पालटले. १८८३ साली नव्या भागीदारांच्या मदतीने मोठा कारखाना निघाला. १८८५ साली पहिली मोटारगाडी तयार झाली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी तिच्या पेटंटसाठी सरकारकडे अर्ज केला. ही गाडी तीन चाकांची होती. तिचे इंजिन मागच्या बाजूस बसविलेले होते. त्यात एकच नळकांडे होते. इंधनाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण त्या नळकांड्यात शिरे; विजेच्या ठिणगीने ते पेट घेई; त्या स्फोटाच्या जोराने दट्ट्या मागेपुढे सरके आणि त्याची गती साखळ्यांच्या साहाय्याने मागील चाकांना मिळे. गाडीचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होता.

गाडी तर चालू लागली; पण ती विकत घेण्यास फारसे कोणी पुढे येईना. रस्त्यात थांबलेल्या मोटारीपेक्षा चालता घोडा बरा, असेच बहुतेकांना वाटे. लोक गाडीच्या आवाजाला घाबरत, आणि ती बंद पडली की हसत. कार्ल यांचा स्वभावही संकोची होता. गाडीत अजून सुधारणा केली पाहिजे, असे म्हणून ते ती गावाबाहेर फार दूर नेत नसत. आयुष्याची सारी पुंजी ज्या यंत्रात घातली, ते यंत्र कारखान्याच्या चार भिंतींत पडून राहणार की काय, अशी चिंता बर्थाबाईंना वाटू लागली. ही गाडी भरवशाची आहे, हे लोकांच्या डोळ्यांपुढे सिद्ध होणे आवश्यक होते.

ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांनी हे काम स्वतःच्या अंगावर घेतले. शाळेला सुट्टी होती. माहेरी, फोर्झहाइमला, आईला भेटावयास जावे आणि तेही मोटारीने, असे त्यांनी ठरविले. मोठा मुलगा ऑयगेन पंधरा वर्षांचा होता आणि धाकटा रिखार्ड तेरा वर्षांचा. या दोघांना त्यांनी बरोबर घेतले. पतींना त्यांनी हा बेत आधी सांगितला नाही. सांगितला असता तर त्यांनी परवानगी दिली नसती. पहाटे, घरातील मंडळी झोपेत असताना, तिघांनी गाडी बाहेर काढली आणि दक्षिणेची वाट धरली.

फोर्झहाइम या मार्गाने शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक दूर होते. इतक्या लांब तोपर्यंत कोणीही मोटार नेली नव्हती. रस्ते घोडागाड्यांसाठी बांधलेले, दगडधोंड्यांचे आणि चढउतारांचे होते. वाटेत इंधनाचा पंप नव्हता आणि दुरुस्तीचे दुकानही नव्हते. जे काही करावयाचे, ते गाडीत बसलेल्या तिघांनीच करावयाचे होते.

पहिली गरज होती पाण्याची. इंजिनात सतत स्फोट होत असल्याने त्याचे धातूचे भाग अतिशय तापतात. ती उष्णता काढून घेण्यासाठी नळकांड्याभोवती पाणी ठेवलेले असे. या गाडीत ते पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई. ते संपले असते, तर तापलेला दट्ट्या फुगून नळकांड्यात अडकला असता आणि इंजिन कायमचे निकामी झाले असते. म्हणून वाटेत जेथे जेथे विहीर, ओढा किंवा खाणावळ लागे, तेथे थांबून पाणी भरून घ्यावे लागे. या कामात आळस करून चालणार नव्हते.

दुसरी गरज इंधनाची. गाडीतील साठा लहान होता आणि तो लवकर संपत आला. लिग्रॉइन नावाचे एक तेल या इंजिनाला चाले. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी लोक ते वापरीत आणि औषधांच्या दुकानात ते विकत मिळे. बर्थाबाईंना हे ठाऊक होते. वीसलोख या गावी त्यांनी गाडी औषधाच्या दुकानासमोर उभी केली आणि लिग्रॉइन विकत घेतले. जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून त्या दुकानाचा आज अभिमानाने उल्लेख केला जातो.

पुढे गाडी अडखळू लागली. इंधन नेणाऱ्या बारीक नळीत घाण अडकली होती. त्या काळच्या स्त्रिया टोपी केसांवर घट्ट बसावी म्हणून तिला एक लांब टाचणी लावीत. बर्थाबाईंनी ती टाचणी काढून नळी मोकळी केली. आणखी एका ठिकाणी ठिणगीसाठी वीज नेणाऱ्या तारेवरील आवरण झिजले होते. उघडी तार गाडीच्या धातूला लागली की वीज भलतीकडे जाई आणि ठिणगी पडत नसे. पायमोजे घसरू नयेत म्हणून बांधावयाचा पट्टा त्यांनी काढला आणि तारेभोवती गुंडाळला. गाडी पुन्हा सुरू झाली.

ब्रुखझाल या गावापाशी साखळीने त्रास दिला. सतत ताण बसल्याने साखळी सैल पडते आणि सैल साखळी दात्यांवरून घसरते. हे काम टाचणीने होण्यासारखे नव्हते. बर्थाबाईंनी गावच्या लोहाराला गाठले आणि त्याच्याकडून साखळी ठीक करून घेतली. लोहाराने घोड्यांचे नाल आणि शेतीची अवजारे पुष्कळ पाहिली असतील. असे यंत्र मात्र त्याच्या दारात कधी आले नसेल.

चढ आला की इंजिनाचा जोर कमी पडे. मग खाली उतरून गाडी ढकलावी लागे. उतारावर उलटा प्रसंग येई. तेथे सारा भरवसा ब्रेकवर होता. ब्रेकचे ठोकळे घासून घासून झिजत चालले होते. ते पुरते निकामी झाले असते, तर उतारावर गाडी आवरणे अशक्य झाले असते. बर्थाबाईंनी तो प्रसंग येण्याची वाट पाहिली नाही. बाउशलोट या खेड्यात त्यांनी एका मोच्याला बोलावले आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. ठोकळ्याऐवजी चामडे झिजावे आणि झिजले की ते बदलावे, अशी ही योजना होती. साधीच युक्ती, पण मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावण्याची सुरुवात येथून झाली.

दिवस मावळल्यावर तिघे फोर्झहाइमला पोहोचले. अंग धुळीने माखले होते, हात काळे झाले होते. बर्थाबाईंनी तारेने कार्ल यांना सुखरूप पोहोचल्याचे कळविले. काही दिवस माहेरी राहून तिघे त्याच गाडीने, थोड्या वेगळ्या वाटेने, मानहाइमला परतले. जाऊन-येऊन हा प्रवास १९० किलोमीटरांच्या आसपास झाला. वाटेत शेकडो लोकांनी ती गाडी डोळ्यांनी पाहिली. एक स्त्री आणि दोन शाळकरी मुले जी गाडी इतक्या दूर नेऊन परत आणू शकतात, ती केवळ खेळणे आहे, असे म्हणण्यास आता जागा उरली नाही.

घरी आल्यावर बर्थाबाईंनी आपल्या पराक्रमाचे पोवाडे गायिले नाहीत. गाडी कोठे अडली, कोणता भाग आधी झिजला, कशाची उणीव भासली, हे त्यांनी पतींना नीट सांगितले. चढावर गाडी ढकलावी लागली, हे ऐकून कार्ल यांनी अधिक जोर देणारा आणखी एक गिअर बसविला. ब्रेकच्या चामडी अस्तराची कल्पनाही त्यांनी उचलली. त्याच वर्षी म्युनिक येथील प्रदर्शनात या गाडीला सुवर्णपदक मिळाले. पुढे गिऱ्हाइके वाढली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेंझ यांचा कारखाना मोटारी बनविणारा जगातील सर्वांत मोठा कारखाना ठरला.

या प्रवासात पहिली मोटार लांबवर धावली, हे सर्वजण सांगतात. त्याचबरोबर मोटारीची निगा कशी राखावी, याचा पहिला पाठही या प्रवासाने दिला. यंत्र कितीही उत्तम असले, तरी ते झिजते, तापते, त्यात धूळ शिरते. त्याचे भाग एकाएकी निकामी होतात असे आपल्याला वाटते. पण बहुधा ते आधी काही खुणा दाखवितात. आवाज बदलतो, पाणी कमी होते, साखळी सैल पडते, ब्रेक दाबल्यावर गाडी उशिरा थांबते. ज्याला या खुणा वेळेवर दिसतात, त्याची गाडी वाटेत सहसा अडत नाही. नळी तुंबली तेव्हा आणि तार उघडी पडली तेव्हा बर्थाबाईंना गाडी अडल्यावर उपाय करावा लागला. पाणी आणि ब्रेक यांच्या बाबतीत मात्र त्यांनी संकट येण्यापूर्वीच उपाय केला. या दुसऱ्या रीतीलाच यंत्राची निगा राखणे म्हणतात.

आजच्या मोटारी त्या तीनचाकी गाडीहून पुष्कळ वेगळ्या आहेत. तथापि जाणता चालक आजही त्याच गोष्टी तपासतो. इंजिन थंड असताना तो त्यातील पाण्याची पातळी पाहतो. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले, तर आतील उकळते पाणी अंगावर उडते, हे तो जाणतो. वंगणाचे तेल तो ठराविक अंतरानंतर बदलून घेतो. कारण हे तेल एकमेकांवर घासणाऱ्या भागांची झीज कमी करते, पण त्यात काजळी आणि धातूचे कण मिसळून ते हळूहळू निरुपयोगी होते. बर्थाबाईंनी टाचणीने जी घाण काढली, ती अडविण्यासाठी आता इंधनाच्या वाटेत गाळणी असते आणि तीही वेळच्या वेळी बदलावी लागते. ब्रेकचे अस्तर आता चामड्याचे नसते. पण ते आजही झिजते आणि पुरते संपण्यापूर्वीच बदलावे लागते. चाकांतील हवा नियमाने पाहिली नाही, तर चाके लवकर झिजतात आणि गाडी घसरण्याचा धोका वाढतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींना इंजिनाचे तेल लागत नाही; चाके आणि ब्रेक यांची काळजी मात्र त्यांनाही चुकलेली नाही. या कामांना थोडा वेळ आणि थोडा पैसा लागतो. ती टाळली, तर केव्हा तरी भर रस्त्यात कितीतरी अधिक किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत प्रत्येक वेळी पैशातच मोजता येते असे नाही. उतारावर ब्रेक लागला नाही, तर गाडीतील माणसांचे आणि रस्त्यावरील माणसांचे प्राण धोक्यात येतात.

पुढील आयुष्यात बर्थाबाईंनी चढउतार पुष्कळ पाहिले. १९०३ च्या सुमारास कार्ल हे मानहाइमच्या कारखान्याच्या कारभारातून बाजूला झाले. मानहाइमजवळ लाडेनबुर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे बेंझ कुटुंब राहावयास गेले आणि १९०६ साली मुलांच्या साथीने नवा कारखाना निघाला. १९२६ साली बेंझ आणि डाइम्लर हे दोन जुने प्रतिस्पर्धी कारखाने एकत्र आले. १९२९ साली कार्ल यांचे निधन झाले. ज्या गाडीसाठी दोघांनी तरुणपण खर्ची घातले, तशा असंख्य गाड्या जगभर धावू लागलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

पेटंटच्या कागदावर बर्थाबाईंचे नाव नव्हते. त्यांच्या कामाची दाद लोकांनी फार उशिरा घेतली. दुसरे महायुद्ध चालू असताना, ३ मे १९४४ रोजी, त्यांच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल्सरुहेच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. कार्ल ज्या संस्थेत शिकले, तिनेच अखेर त्यांच्या पत्नीचाही गौरव केला. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला.

२००८ साली जर्मनीत त्यांच्या प्रवासाच्या मार्गाला बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून मान्यता देण्यात आली. मानहाइमहून फोर्झहाइमला जाऊन परत येणारा हा मार्ग त्याच गावांतून जातो. ज्या वाटेने एका आईने आणि तिच्या दोन मुलांनी गावोगावी थांबून पाणी भरीत, साखळी ताणून घेत आणि ब्रेकला चामडे लावीत आपली गाडी पुढे नेली, त्या वाटेवरून आज मोटारी काही तासांत जाऊन परत येतात. त्या अशा निर्धास्त धावतात, यामागे कोणी तरी निघण्यापूर्वी त्यांचे पाणी, तेल, हवा आणि ब्रेक पाहिलेले असतात.